शनिवारचा उपास

"दोन वाजता दुबईच्या स्मशानात नंबर लागलाय, हमीदभाई. अग्नी मी देणार," शैलेंद्र म्हणाला आणि कंपनीच्या माणसाने दिलेला फॉर्म त्याने रिकाम्या खाटेवर ठेवला.

खाट सदानंद नवगावकरांची. काल सकाळी अल मजाज भागातल्या एका इमारतीत पाण्याचा पंप दुरुस्त करता करता ते छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. कंपनीचा स्टोअरकीपर हमीद आत्ताच शारजाहून आला होता. 'अग्नी' ऐकून तो दारातच थांबला.

अजमानच्या या खोलीत सदानंदभाऊ म्हणजे मारुतीचे कडक भक्त. शनिवारी स्टोव्ह पेटवणार नाहीत, गाडीत बसणार नाहीत, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत रांधलेलं गार अन्न जेवतील. त्यासाठी सहा वर्षं त्यांनी शुक्रवारची ड्युटी करून शनिवारची सुट्टी घेतली. शुक्रवारची सुट्टी सोडायला दुसरं कुणी तयार नसे, त्यामुळे सगळे त्यांच्यावर खूश. त्यांच्याच खोलीतल्या शैलेंद्रने तर खाटेच्या वर भिंतीवर मारुतीचं कॅलेंडर लावून दिलं होतं. आयतं पांघरूण मिळालं, भाऊंनी ते मुकाट्याने घेतलं.

हमीद मात्र अलिबागकडचा. तिथे शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' पोराटोरांनाही ठाऊक होते, आणि ते ज्यू आहेत हेही. चार वर्षांपूर्वी त्याने स्टोअरमध्ये सहज विचारलं होतं, "भाऊ, तुमच्या घरी घाणा होता काय हो?" भाऊंच्या हातातला पाना खाली पडला. व्हिसाच्या कागदावर त्यांनी 'हिंदू' लिहिलं होतं. नोकरी जाईल, म्हणाले.

तेव्हा हमीदने त्यांना गावच्या मौलवींनी सांगितलेली गोष्ट सांगितली. मदिनेत एक जनाजा चालला होता, पैगंबरसाहेब उठून उभे राहिले. लोक म्हणाले, हा तर यहुद्याचा. ते म्हणाले, तो जीव नव्हता का?

भाऊंनी पाना उचलला. मग म्हणाले, "मदिनेत आमचे लोक तुमच्या लोकांचे शेजारी होते ना रे? करारही झाला होता म्हणतात. मग बिघडलं कसं?"

"बिघडलं तेही खरं, भाऊ. उभे राहिले तेही खरं."

"मग माझ्यासाठी एक कर. मी इथे गेलो तर मला जाळू देऊ नकोस. आमच्यात माती लागते." हमीदने कबूल केलं होतं. कबूल करायला काय जातं?

आता मात्र जात होतं. दोन हजार सालचा ऑक्टोबर. कँटीनच्या टीव्हीवर दिवसभर पॅलेस्टाइनमधला गोळीबार, आणि 'यहुदी' शब्द निघाला की लोक दातओठ खायचे. चार वर्षं हे झाकून ठेवलं असं कळलं तर हमीदची नोकरी जाणार, आणि तिच्यामागोमाग बायकोपोरांचे व्हिसा.

"अग्नी नको," तो म्हणाला. "गावी पाठवू. त्यांच्या बहिणीचा, कुमुदताईंचा निरोप आलाय."

"त्यांच्या घरी फोन नाही, निरोप आला कुठून? पत्रं मीच टाकायचो." शैलेंद्रचा आवाज चढला. "गावी पाठवायला आठवडा जाईल. तोवर त्यांना बर्फात ठेवायचं? आणि आमच्या माणसाच्या क्रियाकर्मात तुमचं काय काम? तुम्ही मुसलमान."

शैलेंद्रचे डोळे रडून सुजले होते. तापात भाऊंनी त्याला सख्ख्या बापासारखं सांभाळलं होतं. हमीदला त्याचा राग आला नाही, स्वतःच्या भित्रेपणाचा मात्र आला. त्याने दार लावून घेतलं.

"तो उपास मारुतीचा नव्हता, शैलेंद्र. भाऊ ज्यू होते. त्यांच्यात जाळत नाहीत."

शैलेंद्र खाटेवर बसला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. हमीदला वाटलं, संपलं सगळं.

"मी दर शनिवारी नारळ फोडून प्रसाद द्यायचो त्यांना," शैलेंद्र म्हणाला.

"घेतला ना त्यांनी?"

"हातात घ्यायचे. म्हणायचे, मागाहून खातो." त्याने फॉर्मची घडी घातली, मग ती फाडली. "ऑफिसात काय सांगायचं?"

"त्यांची इच्छा होती म्हणून सांगू. जबाबदार म्हणून सही मी करतो."

आठवडाभर दोघे कागद घेऊन ऑफिस आणि वकिलातीच्या खेपा घालत होते. कागदांवर धर्म हिंदूच राहिला. कार्गोचा क्लार्क म्हणाला, उद्या शनिवार, उद्याच्या विमानात जागा आहे. हमीद मान डोलवणार तोच शैलेंद्र पुढे झाला.

"सॅटरडे नको. शनिवारी ते गाडीत बसत नाहीत."

क्लार्क केरळचा. त्याने हिंदीत विचारलं, व्रत होतं का.

"हां," शैलेंद्र म्हणाला. "बहुत कडक."

रविवारी दुपारी कार्गोच्या शेडमध्ये पेटी ट्रॉलीवरून आली. बाकावर सात-आठ माणसं आपापल्या पावत्या घेऊन बसली होती. पेटी समोर आली तसा हमीद उठून उभा राहिला. मदिनेची ती गोष्ट शैलेंद्रला कुणी सांगितली नव्हती. तोही उभा राहिला.