टॉवेलाखालचा सौदा

आप्पासाहेबांनी पिशवी टेबलावर उलटी केली आणि गिऱ्हाइकाला बैल दाखवायला उभा केल्यागत डॉक्टरांचा चेहरा निरखत राहिले. अकरा तऱ्हेच्या गोळ्या होत्या.

बैलांची पारख हा त्यांचा जन्माचा धंदा. घोडेगावच्या बाजारात दलाली केलेली. खांद्यावरचा टॉवेल समोरच्याच्या हातावर टाकायचा, खाली बोटं दाबून भाव ठरवायचा, सौदा झाला की हात लगेच सोडायचा. आता बैल विकणारे कमी झाले आणि बायको गेल्यापासून घरात बोलायलाही कुणी उरलं नव्हतं.

“ही पिवळी कुणी दिली?” आरोग्य केंद्रात नव्याने आलेल्या डॉक्टर सुहासनी विचारलं.

“थोरल्यानं, कल्याणनं. त्याच्या नगरच्या डॉक्टरची हाय.”

“आणि ही पांढरी?”

“सत्यशीलाची. लेक हाय माझी, शिर्डीला दिलीय.”

“आप्पा, दोन्ही एकच औषध आहे, रक्तदाबाचं. फक्त कंपन्या वेगळ्या. दुप्पट जातंय पोटात. त्याने पाय सुजले, म्हणून कुणीतरी लघवीची गोळी दिली. मग चक्कर यायला लागली, म्हणून ही चक्करेची. परवा अंगणात पडलात ते उगीच नाही.”

“मंजी पोरांनी मिळून पाडलं म्हना!” आप्पासाहेब हसले. “बांधावरनं भांडल्यापास्नं एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. एवढं एक काम तेवढं मिळून केलं.”

डॉक्टरही हसले. “यातल्या चार ठेवू. झोपेची एकदम नको, हळूहळू सोडवू.”

“नऊवर या.”

“हा बाजार आहे का, आप्पा?”

“बरं, आठ. शेवटचं सांगतो.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “एवढ्या गोळ्या कशाला हव्यात तुम्हाला?”

आप्पासाहेबांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर बाया-माणसं बसली होती. त्यांनी आवाज खाली आणला.

“पिवळीचा फोन सकाळी येतो. ‘आप्पा, गोळी घेतली का?’ पांढरीचा दिवेलागणीला येतो. गोळीच न्हाई म्हनल्यावर पोरं इचारायची काय?”

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “आणि पडून मांडीचं हाड मोडलं, तर फोन घ्यायला उठणार कोण?”

कितीही घासाघीस केली तरी खरा भाव कानावर पडला की आप्पासाहेबांना कळायचा. त्यांनी दोन्ही रंगांच्या पट्ट्या स्वतःच्या हाताने बाजूला सारल्या. डॉक्टरांनी त्या दोन्हींच्या जागी केंद्रातली रक्तदाबाची एकच गोळी दिली आणि कल्याणला, सत्यशीलाला तिथूनच फोन लावून सगळं सांगितलं. दोघंही “बरं झालं” म्हणाले. मनापासून म्हणाले.

महिन्याने आप्पासाहेब आले ते ताठ चालत. सूज उतरली होती, काठी नुसती दिमाखाला होती. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पाय दाबून पाहिले.

“उत्तम. चक्कर?”

“न्हाई.”

“फोन येतात ना?”

“कल्याण म्हनला, डॉक्टर बघत्यात म्हनल्यावर आता काळजी मिटली. लेकबी तेच म्हनली.” आप्पासाहेबांनी पिशवीची घडी केली. “दुसऱ्यांदा एकमत झालं दोघांचं.”

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत राहिले. “आता तीन महिन्यांनी आलात तरी चालेल.”

आप्पासाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डॉक्टरांच्या हातावर टाकला. खालून त्यांचं एक बोट पकडलं.

“हे काय?”

“भाव बोलतोय. एक बोट.”

“एक महिना?”

“आठवडा.”

“आप्पा, आठवड्यात बघण्यासारखं काय असतं हो?”

“तुमी बोला की मग. गिऱ्हाइकानं गप ऱ्हाऊ न्हाई.”

डॉक्टरांनी थोडा विचार केला. “पंधरा दिवस. त्याखाली नाही.”

“झाला सौदा.”

शिपायाने दारातून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. एक बाई उठून आत आली आणि थबकली. टॉवेलाखालचा हात आप्पासाहेबांनी अजून सोडला नव्हता.