मागच्या दाराची चावी

"प्रभूने आमच्या कारखान्यावर हात धरला," साहेब चर्चमध्ये मंडळीसमोर उभे राहून साक्ष देत होते. "इस्त्रीच्या टेबलाने पेट घेतला, धूर झाला, बायका घाबरून पळाल्या. पण सगळ्या सुखरूप बाहेर आल्या. त्याचे उपकार मानावे तेवढे थोडेच."

मंडळी एका आवाजात 'आमेन' म्हणाली. भिंतीकडच्या बाकावर बसलेल्या ताईंना मात्र तो शब्द उच्चारता आला नाही.

साहेब म्हणजे शिलाई कारखान्याचे मॅनेजर आणि चर्चचे पंच. ताई त्यांच्या हाताखाली सुपरवायझर. नवरा गेला तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला साहेब पुढे होते. नंतर त्यांनीच ताईंना मशीनवर बसवलं आणि हात बसल्यावर अख्खी लाइन सांभाळायला दिली. माणूस वाईट नव्हता. ताईंनी गेला आठवडाभर स्वतःला हेच बजावलं होतं.

मागच्या जिन्याच्या जाळीच्या दाराला कुलूप साहेबांनीच लावायला लावलं होतं. कापडाचे तागे त्या वाटेने पळवले जातात, असा त्यांना संशय होता. चावी भरवशाच्या माणसाकडे हवी, म्हणून ती ताईंकडे आली. ताईंनी ती दोरीत ओवून गळ्यात घातली. या विश्वासाचा त्यांना थोडा तोराही होता. काज-बटण करणारी एक मुलगी होती, तिला सगळे काजवाली म्हणत. तिने एकदा हसत हसत विचारलं होतं की काही झालं तर आम्ही उतरायचं कुठून. कामाकडे बघ, असं ताईंनी तिला सांगितलं आणि विषय तिथेच संपवला.

आग लागली तेव्हा ताई खाली साहेबांच्या केबिनमध्ये होत्या. वरून आरडाओरडा ऐकू आला तशा त्या धावल्या. इस्त्रीचं टेबल पुढच्या जिन्यालगत असल्याने जिना धुराने भरला होता. तोंडाला पदर लावून त्या वर पोचल्या, तोवर कोणीतरी बादल्या ओतून आग विझवलीही होती. पण बायका मागच्या दाराकडे लोटल्या होत्या. सगळ्यांत पुढे काजवाली. बाहेरचं कुलूप हिसकण्यासाठी तिने जाळीतून उजवा हात बाहेर घातला आणि त्याच वेळी मागून सगळ्यांचा रेटा आला. ताईंनी गर्दीतून वाट काढत, जाळीतून हात घालून कुलूप उघडलं, तेव्हा ती मुलगी ओरडतही नव्हती. नुसती जाळीला टेकून उभी होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ताईंना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. चौकशीला माणूस येईल म्हणाले. दार उघडंच होतं, बायका विनाकारण घाबरल्या, एवढंच सांगायचं. काजवालीच्या दवाखान्याचा खर्च कारखाना करेल.

"मी माझ्यासाठी म्हणत नाही, ताई," ते शेवटी म्हणाले. "कारखान्याला टाळं लागलं तर या बायकांनी कुठे जायचं? त्यांच्या लेकरांचा विचार करा."

ते म्हणणं खोटं नव्हतं.

घरी सासूबाई वाट बघत बसलेल्या असत. त्यांची दृष्टी गेली होती. रोज संध्याकाळी ताई त्यांना एक जुनं, पानं सुटी झालेलं पुस्तक वाचून दाखवत. तुरुंगात, खाणीत, कुष्ठरोग्यांच्या वस्तीत जाऊन राहिलेल्या श्रद्धावंतांच्या गोष्टी होत्या त्यात. या चांगल्या माणसांपैकी एकालाही म्हातारपण बघू देत नाही तुझं पुस्तक, अशी सासूबाईंची तक्रार असे. तरी एखाद्या दिवशी वाचन चुकलं की त्यांना चैन पडत नसे. त्या आठवड्यात मात्र ताई दोन ओळी वाचून थांबायच्या. दुसऱ्यांच्या धैर्याच्या गोष्टी इतकी वर्षं आपण मिटक्या मारत वाचल्या, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

"थांबलीस का?" सासूबाईंनी विचारलं.

"डोळे दुखतात."

"डोळे माझे गेलेत, तुझे नाही. काय झालंय?"

ताईंनी सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "चावी कुठे आहे?"

"गळ्यात."

"अजून?"

ताईंनी पुस्तक मिटलं. प्रार्थनेला हात जोडले तरी ताईंना शब्द सापडेनात. क्षमा मागायची तर आधी कोणाची, हेच त्यांना उमगत नव्हतं.

आणि आता साहेब मंडळीसमोर देवाचे आभार मानत होते. पाळकांनी विचारलं, आणखी कोणाला साक्ष द्यायची आहे का. आपण उठलो कधी हे ताईंना नंतरही सांगता आलं नाही. बाकाची कड धरून त्या उभ्या होत्या आणि सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या.

"मागच्या दाराला कुलूप होतं," त्या म्हणाल्या. "चावी माझ्याकडे होती. एका मुलीचा हात गेला. सगळ्या सुखरूप बाहेर आल्या नाहीत."

कोणी 'आमेन' म्हटलं नाही. साहेब खाली बघत राहिले. पाळकांनी घाईघाईने पुढचं गीत सांगितलं. उपासना संपल्यावर दाराशी त्यांनी ताईंचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाले की खरं बोललात, पण त्याला ही जागा नव्हती. मग कोणती, असं विचारावंसं वाटलं, पण मागे माणसं खोळंबली होती. ताई पायऱ्या उतरल्या. साहेब गाडीजवळ उभे होते. ताईंनी गळ्यातली दोरी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात टाकली.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यालाही ताईंनी तेच सांगितलं. जाळीचं दार काढून तिथे सरळ ढकलून उघडणारं दार बसवेपर्यंत कारखाना बंद ठेवायचा हुकूम निघाला. ताईंना कामावरून कमी केलं गेलं, ते त्यांनी गृहीतच धरलं होतं. त्यांच्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. बाजारात लाइनवरची एक बाई भेटली, कडेवर तान्हं मूल. ताईंना वाटलं, ही तरी दोन शब्द चांगले बोलेल.

"तुमचं मन मोकळं झालं, ताई," ती म्हणाली. "आमची मात्र चूल थंड झाली."

ताईंनी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, खरंच आहे तिचं, आणि जेवायला बसायला सांगितलं.

कारखाना सुरू झाला तेव्हा बहुतेक बायका परत कामाला लागल्या. दार मोठं आहे, जिन्यात उजेड येतो, असं ताईंच्या कानावर आलं. मग त्यांनी मनाची तयारी केली आणि एका दुपारी काजवालीच्या घरी गेल्या. एकच खोली. आई कामावर गेलेली. मुलगी पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होती. उजव्या हाताचं प्लास्टर निघालं होतं. बोटं अर्धवट वळलेली होती आणि ती सरळ होणार नव्हती. ताई दारातच उभ्या राहिल्या. ये म्हणून कोणी म्हणालं नाही, पण जा असंही म्हटलं नाही.

"चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलंत म्हणे," काजवाली म्हणाली. "मला नाही सांगितलंत."

ताई आत येऊन जमिनीवर बसल्या. "तू विचारलं होतंस," त्या म्हणाल्या, "आणि मी तुला गप्प केलं. तुझा हात माझ्यामुळे गेला."

शेजारच्या घरात नळ वाहत होता. बऱ्याच वेळाने कोणीतरी तो बंद केला. काजवालीने क्षमा केली नाही आणि ताईंनीही ती मागितली नाही. मागून मिळणारी वस्तू नव्हती ती.

ताई निघण्यासाठी उठल्या, तेव्हा काजवालीने कोनाड्याकडे हनुवटीने खूण केली. तिथे कंगवा होता.

"आईला सकाळी वेळ नसतो," ती म्हणाली. "एका हाताने जमत नाही मला."

ताई तिच्या मागे पलंगावर बसल्या. केसांचा गुंता झाला होता. खालून सुरुवात करून, एकेक बट मुठीत धरून, ओढ बसणार नाही अशा बेताने त्या विंचरत गेल्या. मग तीन पेड केले आणि वेणी घातली. वेणी संपत आली तेव्हा लक्षात आलं की बांधायला काहीच नाही. काजवालीने डावा हात खांद्यावरून मागे आणला आणि शेपटा बोटांत घट्ट धरून ठेवला. ताई खाली वाकून रबर शोधू लागल्या.