जीवनलालांचे डोळे आणि मी

मित्रांनो, गोंदियाजवळच्या फुलचूरमध्ये एका पत्र्याच्या शेडखाली, निळी ताडपत्री पांघरून एक लांबलचक मोटार उभी असते. ती मी. वयाने मी तुमच्या पणजोबांच्या बरोबरीची आहे. शेजारची मुले ताडपत्रीचा कोपरा वर करून माझे चकचकीत दिवे बघतात आणि पळून जातात. त्यांना वाटते, एवढ्या थाटाच्या मोटारीला कसली आली आहे काळजी! पण एक काळजी मी बरेच दिवस एकटीने वाहिली आहे. तीच आज तुम्हाला सांगते.

विलायतेहून बोटीने मुंबईला आला, तो माझा नुसता सांगाडा. इंजिन, चाके आणि खालची लोखंडी चौकट, एवढेच. त्या काळी मोठ्या मोटारींचे अंग गिऱ्हाइकाच्या पसंतीने वेगळे बनवून घेत. माझे अंग भायखळ्याच्या एका कारखान्यात घडले. सागवानी लाकडाचा साचा, त्यावर हाताने ठोकून गोलावलेला पत्रा आणि आत तांबड्या कातड्याच्या गाद्या. मला बनवून घेणारे भैयाजी हे सालेकसा भागातले जमीनदार. त्यांच्या आईचे गुडघे दुखत, म्हणून त्यांनी मागचे दार रुंद आणि पायरी खाली ठेवायला सांगितली. माझ्यात बॅरिस्टर बसले, गोरे साहेब बसले, एका संस्थानचे राजेही बसले. दरेकशाच्या जंगलवाटेने मी निघाले, की गुराखी गुरे सोडून रस्त्यावर येऊन उभे राहत. मला तेव्हा फार गर्व होता.

पुढे जमीनदारी गेली. भैयाजीही गेले. या हातातून त्या हातात जात शेवटी मी गोंदियाच्या एका राइस मिलमागच्या खोलीत येऊन पडले. माझ्या अंगावर कोंड्याची पोती रचली गेली. गाद्या उंदरांनी कुरतडल्या, सागवानाला वाळवी लागली. दार उघडले, की वाटे, आज भंगारवाला आला. दार बंद झाले, की वाटे, आता उद्या येईल. अशी कितीतरी वर्षे गेली.

१९९९ साली मिलचे इंजिन बिघडले आणि ते दुरुस्त करायला फुलचूरचे जीवनलाल रहांगडाले आले. त्यांचे ट्रॅक्टर-दुरुस्तीचे वर्कशॉप होते. पाना शोधता शोधता त्यांनी एक पोते बाजूला केले आणि माझा दिवा त्यांना दिसला. मग त्यांनी सगळीच पोती हलवली.

"मुन्नालालजी, ये क्या दबा के रखा है?" त्यांनी मिलमालकांना विचारले.

"अरे, कबाड है भैया. ले जाओ, जगह तो खाली होगी!"

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मी फुलचूरला आले. मग सुरू झाला माझा दुसरा जन्म! जीवनलालांनी माझे इंजिन सुटे करून एकेक भाग डिझेलने धुतला. जे भाग मिळेनात, ते लेथवर घडवून घेतले. त्यांच्या एका सुतार मित्राने नवे सागवान बसवले. त्यांच्या पत्नी देवकाबाई कधी चहा घेऊन येत, कधी नुसताच राग घेऊन येत. "घरच्या म्हशीले पाणी पाजाले वेळ नाही, अन् या लोखंडाले आंघोळ घालून राहिले!" असे म्हणत. पण माझी गर्द हिरवी दारे रंगून वाळली, तेव्हा त्यांनीच माझ्या नाकावर हळदकुंकू लावले. मागच्या रुंद दारातून त्या पहिल्यांदा चढल्या आणि गादीवर हात फिरवत म्हणाल्या, "बाई, पलंगच आहे हा!"

नागपूरच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यात मला चषक मिळाला. वर्तमानपत्रात फोटो आला. दर रविवारी जीवनलाल मला आमगावच्या रस्त्याने सालेकशाकडे फिरवून आणत. त्यांचा हात स्टिअरिंगवर पडला, की मला कसलीच भीती वाटत नसे.

मग एका हिवाळ्यात माझा डावा मडगार्ड शेडच्या खांबाला घासला. ज्या शेडमधून त्यांनी मला शेकडो वेळा बाहेर काढले होते, त्याच शेडचा तो खांब! त्यांनी ओरखडा रंगवून टाकला. पुढच्या महिन्यात एका पुलाच्या कठड्याला चाक लागले. समोरून येणारा ट्रक त्यांना लांबून दिसे. पण बाजूच्या शेतातून निघालेली शेळी अगदी दिव्यापुढे आल्यावरच ते ब्रेक दाबत. दर वेळी पाय उशिरा पडे. तो उशीर माझ्या ब्रेकला कळत होता. घरात मात्र कुणालाच काही कळले नव्हते.

एकदा ते एकटेच रेल्वेने नागपूरला जाऊन आले. दुपारी माझ्यात येऊन बसले आणि दार लावून घेतले. माझ्याशी बोलायची त्यांना सवयच होती.

"काचबिंदू म्हणते डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "समोरचं दिसते, बाजूबाजूचं दिसणं जात चाललं. गेलं ते वापस येत नाही म्हणते. रोज औषध टाकलं त उरलं तेवढं राहीन. अन् गाडी चालवायची नाही म्हणते." त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "तू सुटली त मी काय राहिलो, बुढे? नको सांगू कोणाले."

औषधाची छोटी बाटली त्यांनी माझ्या पुढच्या कप्प्यात लपवली. शेडमध्ये कुणी असले, की त्या दिवशीचे औषध राहून जाई. आणि रविवार आला, की ते पुन्हा स्टिअरिंगवर बसत.

मित्रांनो, तेव्हापासून मला रविवारची धडकी भरू लागली. मला वाटे, आपण सुरूच होऊ नये. पण त्यांनी मला इतके नीट केले होते, की मला बिघडताही येईना! किल्ली फिरवली, की इंजिन गुमान गुणगुणू लागे.

त्यांची मुलगी ओमेश्वरी सालेकशाजवळच्या एका खेड्यात शिक्षिका होती. तिच्या शाळेने २६ जानेवारीच्या प्रभातफेरीसाठी मला बोलावले. पुढे मी, आणि दोन्ही बाजूंनी झेंडे घेतलेली मुले! हे ऐकले आणि माझे काळीज गोठले. दोन्ही बाजूंनीच तर त्यांना दिसत नव्हते.

त्या सकाळी धुके होते. ओमेश्वरी वडिलांशेजारी बसली होती आणि मुलांनी बसवलेले गाणे गुणगुणत होती. गावाच्या अलीकडे डावीकडच्या पांदीतून, शेतवाटेतून, एक सायकलवाला रस्त्यावर आला.

"बाबा, सायकल! बाबा!"

ब्रेक लागला, पण उशिरा. सायकलवाला स्वतःच नालीत उतरला म्हणून वाचला. त्याच्या पिशवीतली वांगी रस्त्यावर घरंगळली. तो सुकराम नावाचा म्हातारा शेतकरी होता. चिखल झटकत तो ओरडला, "डोये कोठी ठेवले होते गा?"

"तूच एकदम आला," जीवनलाल म्हणाले.

ओमेश्वरीने उतरून वांगी गोळा करून दिली, म्हाताऱ्याला लागले नाही ना ते पाहिले आणि परत येऊन बसली. ती गाणे म्हणत नव्हती. गाडी निघण्याआधी तिने आपला हात हळूच वडिलांच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला नेला आणि बोटे हलवली. जीवनलाल समोरच बघत राहिले.

"बाबा," ती म्हणाली, "उतरा. आपण पायी जाऊ."

"काऊन? काही नाही झालं मले. लेकरं वाट पाहून राहिली."

त्यांनी गिअर टाकला. ओमेश्वरीने एक हात हँडब्रेकवर ठेवला. मला दोघांचेही हात जाणवत होते. एक गिअरवर, एक ब्रेकवर. मी जमेल तेवढी हळू चालले. पण हळू चालणे तरी माझ्या हाती कुठे होते?

शाळेच्या फाटकाजवळ पोहोचलो आणि मुले धावत सुटली. कुणी दाराला लटकले, कुणी मडगार्डला चिकटले. छोटे छोटे झेंडे माझ्या पत्र्यावर फडफडत होते. एक लहानगी तर माझ्या पुढच्या चाकाला टेकून उभी होती. फेरी सुरू करा, अशी हाक आली. जीवनलालांचा पाय क्लचवर होता. मुलांचा कलकलाट त्यांच्या दोन्ही कानांत भरला होता.

आणि त्यांनी इंजिन बंद केले. ओमेश्वरीच्या हातावर आपला हात ठेवून त्यांनीच हँडब्रेक वर ओढला.

"ओमी, माह्या बाजूले किती लेकरं आहेत?"

"लई आहेत, बाबा."

"मले एकही नाही दिसत."

ओमेश्वरी त्यांच्याकडे सरकली. तिने त्यांच्या खांद्यावर डोके टेकले. बाहेर मुले हॉर्न वाजवा, हॉर्न वाजवा, म्हणून ओरडत होती. त्या एका क्षणी माझी सगळी भीती उतरली, आणि तरी मला रडू आले.

फेरी निघाली. ओमेश्वरीने सगळ्या मुलांना लांब पुढे रांगेत लावले, माझ्याजवळ एकालाही ठेवले नाही. स्टिअरिंग नुसते सरळ धरायला ती बसली आणि इंजिन बंद ठेवूनच गावातल्या माणसांनी मला मागून ढकलत नेले. सुकरामही सायकल भिंतीला लावून ढकलायला आला. जीवनलाल माझ्या दारावर हात ठेवून पायी चालत होते. भैयाजींच्या काळी राजे माझ्यात बसले होते. पण त्या दिवसासारखी मिरवणूक माझी कधी निघाली नाही.

घरी सगळे कळल्यावर देवकाबाई आधी रडल्या, मग कडाडल्या, "मोटारीले सांगतलं, मले नाही सांगतलं?" कप्प्यातली बाटली त्यांनी घरात नेऊन देवघराजवळ ठेवली. आता जीवनलालांच्या डोळ्यांत रोज त्याच औषध टाकतात आणि ते हलले, की रागावतात. ओमेश्वरी फुलचूरच्या मोकळ्या मैदानावर वडिलांकडून मोटार शिकली. तिचा क्लच मला अजून झटके देतो. पण तिची नजर चारी बाजूंना फिरते. जीवनलालांची उरलेली नजर तेवढीच टिकून आहे, असे डॉक्टर म्हणतात. पुढेही टिकेल ना, ही धास्ती मला असतेच.

मित्रांनो, माझा पत्रा सडला, तर नवा ठोकून घेता येतो. डोळ्यांसाठी असा कारखाना नाही. तुमच्या घरातले कुणी सरळ वाटेवर ठेचकाळू लागले, दाराची कडी चाचपू लागले, तर हसू नका आणि चिडू नका. जवळ बसा आणि विचारा. ते टाळतील, तरी पुन्हा विचारा. मला बोलता आले असते, तर खांबाला घासले त्याच दिवशी मी बोलले असते. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.