मुकी पट्टी

माझा भाऊ पेट्या दुरुस्त करतो. शाळांच्या, गाण्याच्या क्लासांच्या, नाटकवाल्यांच्या. कुणाची पेटी खोकते, कुणाची नुसतीच सुस्कारे टाकते. दादा तिचं पोट उघडून तिला बोलती करून देतो. आणि त्याच्या स्वतःच्या घरातल्या पेटीची एक पट्टी वर्षानुवर्षं मुकी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. विचारलं की म्हणायचा, ''उद्या बघतो.''

पेटी आमच्या वडिलांची, एकेरी सुरांची, म्हणजे एका पट्टीला एकच सूर, जुनी. त्यांनी दादाला तिच्यावर गायला-वाजवायला शिकवलं. मलाही बसवलं आणि आठवड्याभरात उठवलं. ''बाई गं, तू ऐकत जा,'' म्हणाले, ''ऐकणारंही कुणीतरी लागतंच की घरात.'' तेव्हापासून मी गाण्यासाठी तोंड उघडलं नव्हतं. बोलण्यासाठी भरपूर उघडते. एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि लोकांना ''थांबा'' सांगण्याचा पगार घेते.

मुकी पट्टी होती मधल्या सप्तकातल्या 'ध'ची. ती दाबली की सूर यायचा नाही, फक्त फुस्स अशी हवा जायची. वहिनी लग्न होऊन आली, दादाकडून पेटी शिकली आणि बघता बघता त्याच्या पुढे गेली. पुढे तिने लेकीला शिकवायला घेतलं. लेक सारखी गुणगुणायची म्हणून तिचं नाव पडलं भुंगी. वहिनीने तिच्यासाठी एक छोटी चाल बांधली होती आणि त्या चालीत ध हटकून यायचा. भुंगीचं बोट मुक्या पट्टीवर पडलं की वहिनी जिथे असेल तिथून तो ध गाऊन भरायची. कणीक मळताना, दोरीवर कपडे टाकताना, एकदा तर तोंडात टूथपेस्टचा फेस असताना. पाहुणे दचकायचे. आम्हाला त्यात काहीच वावगं वाटायचं नाही. चालीत ध आला की वहिनीचा आवाज येणार, इतकं ते सरळ होतं.

गेल्या वर्षी वहिनी गेली. आजार कळला आणि ती गेली, मधे श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही. मी माझं बिऱ्हाड गुंडाळून दादाकडे राहायला आले.

त्यानंतर भुंगीने पेटी एकदाच उघडली. चाल सुरू केली, ध आला, हवा फुस्स झाली. ती तशीच बोट दाबून बसली, भाता रिकामा होईपर्यंत. मग तिने पेटी बंद केली, वर खोळ घातली आणि वहीत तोंड खुपसून गणितं सोडवत बसली. गुणगुणणंही थांबलं. घर इतकं शांत झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायची. माझ्यासारख्या बडबडीलाही त्या शांततेची भीती वाटायला लागली.

दादा शब्दांचा माणूस नाही, हातांचा आहे. एका रविवारी भुंगी मैत्रिणीकडे गेलेली असताना त्याने पेटी खोलली. मी शेजारी चहा घेऊन बसले होते. त्याने त्या पट्टीचा सूर, म्हणजे ती पितळेची बारीक जीभ, बाहेर काढली, फुंकली, तिच्या खाचेतला धुळीचा गोळा काढला आणि परत बसवली. माझा चहा संपायच्या आत काम झालं.

''एवढंच होतं?'' मी म्हटलं.

''एवढंच,'' तो म्हणाला. ''आता ती वाजवेल बघ. अडणार नाही कुठे.''

त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मी जिभेवर आलेला टोमणा गिळला.

संध्याकाळी त्याने भुंगीला बसवलं. ती आढेवेढे घेत बसली. चाल सुरू झाली. ध आला, आणि पेटी वाजली. स्वच्छ, खणखणीत. भुंगीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

''हे आईच्या जागी का वाजतंय?''

दादाचं तोंड उतरलं. ''अगं, मला वाटलं...''

''ती तिची जागा होती, बाबा! तू बुजवून टाकलीस!''

आणि ती रडली. वहिनी गेली तेव्हाही इतकी रडली नव्हती. दादाने तिला जवळ घेतलं. तोही रडला आणि मी पदर नाही म्हणून ओढणीला नाक पुसलं. पोरीने अखेर डोळे पुसून सांगितलं, ''परत मुकी कर.''

''आयुष्यभर बंद सूर चालू केलेत,'' दादा म्हणाला. ''चालू सूर बंद करायची ही पहिलीच ऑर्डर.'' पण त्याने पेटी खोलली आणि त्या पितळी जिभेखाली कागदाचा कपटा सरकवला.

''आणि ध कोण म्हणणार?'' मी विचारलं.

''कुणीतरी म्हणा,'' भुंगी म्हणाली आणि तिने वाजवायला घेतलं.

मी दादाकडे बघितलं. त्याला सूर येतो, त्याचंच काम. ध जवळ येत होता. दादाने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हवा फुस्स झाली. पोरीचं बोट पट्टीवर होतं, भाता रिकामा होत होता, आणि मला ते पुन्हा बघवेना. वडिलांचं ऐकणं त्या क्षणी संपलं. मी डोळे मिटून गायले.

काय गायले देव जाणे. भुंगी माझ्याकडे बघतच राहिली. ''आत्या, हा ध नाही! हा कुठलाच सूर नाही!'' आणि ती खो-खो हसली. दादाही नाक ओढत हसला. मी म्हटलं, ''नाचता येईना अंगण वाकडं असं नाही म्हणणार मी. वाकडी मीच आहे. परत वाजव.''

तेव्हापासून रोज माझी शिकवणी आहे. बाई आठवीतली आहे आणि कडक आहे. दवाखान्यात लोकांना थांबायला सांगून मी काउंटरमागे हळूच ध घोटते. डॉक्टरांनी एकदा विचारलं, घसा दुखतोय का.

काल तो लागला. चाल आली, फुस्स झालं आणि माझ्या तोंडून ध निघाला, अगदी जागच्या जागी. भुंगीने हात थांबवला. माझ्याकडे बघितलं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. बराच वेळ. मग पुढची ओळ वाजवली.

जेवणं झाल्यावर ती ताटं विसळत होती आणि दादा भांडी घासत होता. मी ओटा पुसत होते. भुंगी गुणगुणायला लागली, तीच चाल, तिचं तिलाच ठाऊक नसावं. दादाने माझ्याकडे बघितलं आणि हात लांब करून नळ बारीक केला.