जांभळ्या पंखाचं कबूतर

"आली! आली! आणखी आली!"

तळ्याच्या काठावर अख्खी वस्ती लोटली होती. पंखबाबानं काठी वर केली की ओला दोर पाठीवर सपकन बसे, आणि त्याच क्षणी जुन्या गिरणीमागून पाखरांचा थवा उठे, तळ्यावर घिरटी घाली आणि पुन्हा गिरणीआड जाई. लोक टाळ्या पिटत होते. पाठ माझ्या मावशीची होती.

मावशी मासेमारीची जाळी विणते. होड्या बांधायच्या खुंटाला तिला बांधलं होतं आणि दोर चालवत होता तिचाच जावई. आरडाओरडा ऐकून मी दवाखान्यातून धावत आले होते. मी गुरांची डॉक्टर.

"लोकहो," बाबा किंचाळला, "गेल्या साली तळ्यावर चार हजार पाखरं, यंदा चारशे! बाकीची गेली कुठं? या चेटकिणीच्या पोटात! आज पाखरं गिळली, उद्या मासे गिळेल, परवा तुमची लेकरं! एक फटका, एक थवा! हिशेब पुरा होईस्तोवर हात थांबवू नका!"

चार हजार व्हायला अजून किती फटके? तेवढ्यात मावशी मेली असती. तिचा गुन्हा एवढाच, की काठावरची तिची झोपडी बाबाला मठासाठी हवी होती आणि तिनं त्याला झाडू घेऊन पिटाळलं होतं.

"अहो, ही कबुतरं आहेत!" मी ओरडले. "तळ्यावर असतात ती बदकं!"

"पोटातल्या अंधारात रूप पालटतं, ताई," बाबा गोड हसला. लोकांनी माना डोलावल्या. कपाळ माझं! बदक गिळलं की कबूतर निघतं, हे यांना पटतं; मी सांगितलेलं औषध मात्र पटत नाही.

मी जावयाचं मनगट धरलं. त्याचं कोपर माझ्या तोंडावर आदळलं, दात हलला, तोंड रक्तानं भरलं. दोघांनी मला मागून आवळून धरलं.

"चारशे मी स्वतः मोजलीत," जावई ओरडला. "खोटं बोलतोय का मी?"

खोटं नव्हता बोलत. तळ्यावरच्या पाखरांची गणना दर साली मी करते; गुरांच्या साथीमुळे यंदा मला ती जमली नाही, म्हणून यानं उरकली होती. भर दुपारी, रस्त्यावर उभं राहून! दुपारच्या उन्हात बदकं लव्हाळ्यात शिरून पडतात. रस्त्यावरून दिसलं ते त्यानं मोजलं आणि न दिसलेलं सासूच्या पोटात घातलं.

"बोटं फोड!" बाबा गरजला. "हिची जादू बोटांत आहे!"

कुणीतरी मावशीचा हात खुंटावर दाबला. बाबानं काठी वर केली, जावयानं वल्हं उचललं. हाडं मोडल्याचा आवाज मला इतक्या गर्दीतही ऐकू आला. मावशीची मान छातीवर कलली. थवा उठला, लोकांनी आरोळी ठोकली, आणि मला ते दिसलं. एक पांढरं कबूतर, त्याचा एक पंख जांभळा.

सकाळीच गिरणीचा राखणदार ते माझ्याकडे घेऊन आला होता. मांजरानं ओरबाडलेलं. मी जखमेला जांभळं औषध फासलं. पट्टी बांधू लागले तर म्हणाला, "पट्टी नको हो, आज उडायचंय त्याला."

"जावईबापू!" मी रक्त थुंकून ओरडले. "वर बघा! तो जांभळा पंख माझ्या दवाखान्यातला आहे. एवढंच करा, मारू नका. नुसती बाबाची काठी वर करा. फटक्यानं पाखरं येत असतील तर आता येणार नाहीत. झालं?"

"पाप लागेल!" बाबानं काठी छातीशी कवटाळली.

त्या कवटाळण्यानंच जावई चपापला. त्यानं काठी हिसकावली आणि उंच धरली. दोर खाली पडला होता. मावशीला कुणी बोटही लावलं नव्हतं.

थवा उठला. जांभळा पंख सगळ्यांच्या डोक्यावरून गेला.

जावयानं काठी खाली केली, पुन्हा वर केली. पुन्हा थवा, पुन्हा तोच पंख.

मग लोक गिरणीकडे धावले. माळ्यावर खुराडी होती, दाण्यांचं पोतं होतं, आणि राखणदार काळं फडकं बांधलेला बांबू घेऊन उभा होता. काठी वर दिसली की तो खुराडी उघडून फडकं हलवी, कबुतरं एक चक्कर मारून दाण्यांवर परत येत. तीच पाखरं लोक दर वेळी नवी म्हणून मोजत होते.

त्यांनी बाबाला फरफटत आणलं. वल्ह्याच्या पहिल्याच घावात त्याचं नाक फुटलं. दुसरा बसण्याआधी मी मध्ये पडले.

"वल्हं तेच, नुसता माणूस बदलला, एवढंच शिकलात? पोलिसांना बोलवा. आणि आधी मावशीला सोडवा रे, नालायकांनो!"

पुढच्या पहाटे मी आणि जावई तळ्याच्या दोन काठांवर उभे राहिलो आणि एकाच वेळी, एकमेकांना न विचारता मोजलं. मग आकडे ताडून पाहिले. त्याला दिसलेले काही थवे मला दिसले नव्हते, माझे काही त्याला. त्यावरून दोघांच्याही नजरेतून किती सुटली असतील याचा अंदाज बांधता येतो. बदकं जवळजवळ गेल्या सालाइतकीच होती. पहाटे लव्हाळ्यातून चरायला बाहेर आलेली.

मंडळी, दिसलं नाही म्हणजे नाहीसं झालं असं नाही, आणि दोनदा दिसलं म्हणजे दोन झाले असंही नाही. कुणी चमत्कार दाखवला तर काठी त्याच्या हातातून काढून घ्या आणि पुन्हा करून बघा. आणि कुणावर हात उचलायचाच असेल, तर त्याआधी बघा.

जावई इस्पितळात गेला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून, मान खाली घालून म्हणाला, "सासूबाई, पाखरं सगळी आहेत. या वेळी नीट मोजली."

मावशीनं पट्ट्यांत गुंडाळलेला हात त्याच्यापुढे धरला. दोन बोटं डॉक्टरांना कापावी लागली होती.

"आता ही मोज," ती म्हणाली.