फणीचे दात कुठं

"पास झालो!" म्हनत माझा दादला दियाब अंगणात नाचाय लागला, आन् मी कपाळावर हात मारून घेतला.

"अवो, परीक्षा न्हवती ती! ज्याला दिसत न्हाई त्याचं आपरेशन व्हनार हुतं!"

"शिकणारी पोरं आल्ती न्हवं? मग परीक्षाच की. साऱ्या गावासमोर नापास हू व्हय?"

"पर दिसलं कसं? सकाळी भाकरी म्हनून चटई चाचपत हुता!"

"खलफ मागं हुबा हुता. पाठीवर बोट फिरवून सांगायचा, वर, खाली, डावीकडं. मैतर आसावा तर आसा!"

दर साली अस्यूतच्या डाक्टरी कालेजाची पोरं साळंत येत्यात, पैसा घेत न्हाईत. भिंतीवर काळ्या फण्या काढलेला कागद लावायचा आन् इचारायचं, फणीचे दात कुठं? ज्याला सांगता येत न्हाई, त्यो आपरेशनच्या गाडीत. त्या साली गाडीत बारा जागा. अकरा भरल्यावर दियाब तपासायच्या स्टुलावर बसला. त्याच्यामागं रांगेत खलफची आई, वहीबा.

मी दियाबला वढत साळंत नेलं. गाडी निघून गेल्ती. कागद गोळा करणारी पोरगी रडवेली झाली. "काकी, काकांची नजर चांगली म्हणून लिहिलंय. बारावं नाव वहीबा आजीचं लागलं. आता पुढच्या वर्षीच."

बहर आला. दियाबचा जलम खजुरीवर गेला. चढायचं, नर-फुलाची भुकटी मादीच्या घोसात घालायची, बांधायचं. ते न्हाई केलं तर फळ धरत न्हाई. तिसऱ्याच झाडावर त्याचा पाय चुकला. दोर हुता म्हनून वाचला, पर गावानं चाळीसच्या चाळीस झाडं दुसऱ्याला दिली. दियाब बुडाशी बसून वर चाललेला आवाज ऐकत ऱ्हायचा.

एक दिस मी वहीबाला बघाय गेले. म्हातारीनं माझं तोंड हातात धरलं. "अगं, तू बी म्हातारी झालीस की!" हसली, म्हनली, "दियाबचे लई उपकार बाय. त्या दिशी खलफ म्हनला हुता, आये, घोर करू नको. दियाब तुज्या फुडं हाय, त्याला मी पास करतो. जागा तुलाच."

खलफ दारातच हुता. त्यानं मान खाली घातली.

मेल्या, एका ताटात जेवलास की रं! शिव्या पार जिभंवर आल्या. पर म्हातारी डोळं भरून माझ्याकडं बघत हुती. गिळल्या.

घरी येऊन सांगितलं. दियाब मग म्हनला, "मला नुस्तं म्हनला आसता, तर मीच दिली आसती की गं जागा."

औंदा पोरं परत आली. दियाब स्टुलावर बसला. खलफ हळूच मागं येऊन हुबा ऱ्हायला. सवय म्हना, न्हाईतर पाप टोचत आसंल.

"खलफ, मागं नगं. फुडं ये, माज्या तोंडासमोर हुबा ऱ्हा."

खलफ आला. पोरीनं इचारलं, "काका, दात कुठं?"

"पोरी, फणी ऱ्हाऊ दे, मला भिंतच दिसत न्हाई," दियाब साऱ्या गावाला ऐकू जाईल आसा बोलला. "आन् पाठीमागचं तर मला कवाच दिसलं न्हाई."

पोरीनं पयलं नाव त्याचं लिवलं. नापास झाला म्हनून कुनी हसलं न्हाई. खलफ तेवढा मुंडासं सावरत भाईर गेला.