ठमीची भेट

हॉस्पिटलात आमच्या मजल्यावर आलेला माणूस बरा होऊन घरी जात नाही, म्हणून नियमही जरा सैल आहेत. कुणाला शेवटचा एक झुरका हवा असतो, कुणाला आपलं मांजर. मी त्या मजल्यावरची सिस्टर. तोंडाने फटकळ, पण मरणाऱ्याला नाही म्हणायला माझीही जीभ रेटत नाही.

खिडकीजवळच्या काकांना त्यांची कुत्री हवी होती. ठमी तिचं नाव. मेंदूतल्या गाठीने काकांची नजर गेली होती, बोलणं तुटक झालं होतं, पण पावलं वाजली की विचारायचे, ठमी आली का. काकू रोज येऊन पायथ्याशी बसत. त्यांना ते काहीच विचारत नसत.

"घरात आम्ही दोघी," काकू एकदा मला म्हणाल्या. "त्यातली एकच यांची लाडकी, आणि तिला शेपूट आहे."

त्या हसल्या, मला काही हसू आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, आणायची तर आजच आणा. मी काकूंना बजावलं, काकांच्या अंगावरचा हा जुना स्वेटर तसाच असू द्या, कुत्री वासावर ओळखते. पण स्वेटरच्या त्याच वासावरून काकू जन्मभर भांडल्या होत्या. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तसं त्यांनी काकांना आवरलं. औषधी साबणाने अंग पुसलं, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मला कळेपर्यंत स्वेटर भिजत पडला होता.

काकूंच्या शेजारच्या बाईंनी ठमीला घरून आणलं. तिने काकांच्या हाताला नाक लावलं आणि मागे सरली. पुन्हा जवळ नेली तर अंग चोरून गुरगुरली. बिस्किटालाही बधली नाही. दाराशी जाऊन कुंईकुंई करू लागली, तिला घरी जायचं होतं. मी शेजारीणबाईंना खुणेनेच तिला बाहेर न्यायला सांगितलं.

काकांचा हात पलंगाबाहेर चाचपडत होता. "आली ना? कुठाय?"

काकू गुडघ्यांवर बसल्या आणि आपलं आखूड केसांचं डोकं त्यांनी त्या हाताखाली सरकवलं.

बोटं केसांत फिरली, कानामागे खाजवू लागली. काकांचा चेहरा निवळला.

"ठमे," ते म्हणाले, "तुझ्याशिवाय मला दुसरं होतंच कोण गं?"

काकू हलल्या नाहीत. हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी पदर तोंडात कोंबला. मला काकांचा संताप आला, मरणाऱ्या माणसाचा येऊ नये इतका. ते मात्र लाडाने पुटपुटत राहिले. हळूहळू शब्द विरले आणि हात जड झाला. मी नाडी पाहिली. काका गेले होते.

मी काकूंच्या खांद्याला धरून म्हटलं, उठा आता.

"राहू द्या थोडा वेळ, सिस्टर," त्या मान खाली ठेवूनच म्हणाल्या. "माझ्या डोक्यावरून त्यांनी कधी हात फिरवला नव्हता."